पावसात स्पर्धा खेळवायची तर: हौशी गोल्फ ग्रुपसाठी पावसाळी फेरीची तयारी

पुण्यातला हौशी गोल्फर पावसाळ्यात घरी बसत नाही. उन्हाळ्यात करपलेला कोर्स जुलैत हिरवागार होतो, हवा गार असते, आणि शनिवारच्या ग्रुपची लीग चार महिने बंद ठेवायला कुणीच तयार नसतं. पुणे शहरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; मुंबईत सांताक्रूझला हाच आकडा २००० च्या वर जातो. म्हणून येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर किंवा बावधनजवळच्या ऑक्सफर्डवर खेळणाऱ्यांना उघडिपीचे दिवस बरेच मिळतात. चेंबूरच्या प्रेसिडेन्सीवर किंवा खारघर व्हॅलीत खेळणाऱ्यांना जास्त हिशेब करावा लागतो, पण हिशेब तोच.

पावसात खेळणं अवघड नाही, पावसात स्पर्धा खेळवणं अवघड आहे. मजेखातर खेळताना बॉल चिखलात रुतला तर आपण तो उचलतो, पुसतो आणि पुढे मारतो. कार्डावर सही करायची असली की हेच चालत नाही. एका फोरबॉलने (चार जणांच्या गटाने) बंकरमधल्या (वाळूच्या खड्ड्यातल्या) तळ्यातून बॉल बाहेर काढून ठेवला, दुसऱ्याने आतच ड्रॉप घेतला, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून तिथून खेळला. साडेसहाला निघालेल्यांना नऊ होल कोरडे मिळाले आणि सातच्या ग्रुपला सातव्याच होलवर सरीने गाठलं. बाराव्या टीवर (होल सुरू करायच्या जागेवर) कुणी म्हणालं, बास आता. मग क्लबहाउसमध्ये निकाल कसा लावायचा? माझं स्पष्ट मत असं की अशा फेरीचा न्याय आदल्या संध्याकाळीच करून ठेवायचा असतो. काय होऊ शकतं ते आधी लिहून काढलं, कोण निर्णय घेणार ते ठरवलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाऊस फक्त खेळ अवघड करतो, माणसांमध्ये पडत नाही.

इथे बारा ते सोळा जणांचा, चार फोरबॉलचा ग्रुप धरला आहे.

आदल्या संध्याकाळी: आकाश आणि जमीन

हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहा. रेड असेल तर रात्रीच फेरी रद्द करा. पहाटे पाचला सोळा जणांना उठवून मग रद्द करण्यात काही शौर्य नाही. ऑरेंज असेल तर निर्णय सकाळवर ठेवा आणि तसं कळवा. यलो असताना पुण्यात बहुतेक वेळा खेळ होतो. पहाटे उठल्यावर खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि मुंबई रडारचं चित्र पाहायचं. ‘७० टक्के पाऊस’ असं मोबाइलवर दिसलं तर त्यावरून फार काही कळत नाही. पाऊस रिपरिप आहे की मुसळधार, आणि त्यात विजा आहेत का, हे कळायला हवं.

विजांचा हंगाम लक्षात ठेवा. आपल्याकडे मे-जूनमधला वळवाचा पाऊस आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे विजांचे. ढग बहुतेक दुपारनंतर चढतात. जुलै-ऑगस्टची झड दिवसभर भिजवते, पण त्यात गडगडाट कमी. म्हणून जून आणि सप्टेंबरच्या फेऱ्या शक्य तितक्या पहाटे सुरू करा आणि दुपारच्या आत संपवा. घाटाकडच्या कोर्सवर जुलैत वेगळीच अडचण येते: धुकं. पुढचा फोरबॉल दिसत नसेल तर मारायचं नाही, एवढा एकच नियम तिथे पुरतो.

जमिनीबद्दल इंटरनेटला विचारू नका, कोर्सच्या माणसाला विचारा. ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) सांभाळणारा सुपरिंटेंडंट किंवा हेड माळी यांना फोन करून तीन प्रश्न: कुठल्या होलवर पाणी साचलंय, ग्रीन कापल्या जाणार आहेत का, आणि कोर्स उघडा आहे का. काळ्या मातीवरचा फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) पाणी धरून ठेवतो. रात्री पाऊस थांबला तरी सकाळी तो चिबडच असतो. मुरमाड चढावरचे होल दोन तासांत मोकळे होतात. वाफसा नसलेल्या जमिनीवरून सोळा खेळाडू आणि तेवढेच कॅडी (बॅग वाहणारे) चालले तर गवताचं नुकसान आठवडाभर भरून येत नाही. त्यामुळे कोर्स बंद ठेवायचा असं तो म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. तुमची लीग पुढच्या शनिवारी होईल.

फॉरमॅट आणि लेखी अटी

पावसाळ्यात मेडल (फेरीतले सगळे फटके मोजायचा प्रकार) खेळवू नका. एका होलवर पाण्यात, चिखलात नऊ-दहा फटके गेले की मेडलमधला माणूस उरलेली फेरी मनातून सोडून देतो, आणि भिजत चालणारा निराश खेळाडू अख्ख्या फोरबॉलचा वेग घालवतो. स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण देणारा प्रकार, या हवामानासाठीच बनल्यासारखं आहे. पार म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, नेट म्हणजे हँडिकॅपची (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांची) सूट वजा करून. नेट पारला २ गुण, नेट बर्डीला (एक फटका कमी) ३, नेट बोगीला (एक जास्त) १, त्यापुढे शून्य. शून्य झालं की बॉल उचला आणि पुढच्या टीकडे चला. जोड्यांनी खेळायची हौस असेल तर फोरबॉल बेटर-बॉल स्टेबलफोर्ड घ्या, त्यात जोडीतला चांगला स्कोअर धरतात. एकाचा बॉल हरवला तरी दुसरा होल सांभाळतो.

आता अटी. तोंडी ठरवलेलं पावसात टिकत नाही. आदल्या रात्री ग्रुपवर असा एक मेसेज टाका (कोर्स हँडिकॅप म्हणजे त्या कोर्सवर मिळणारी फटक्यांची सूट; प्रिफर्ड लाय म्हणजे बॉल उचलून, पुसून जवळच ठेवायची मुभा; ग्राउंड अंडर रिपेअर म्हणजे फुकट ड्रॉप मिळणारा खराब भाग):

*शनिवारची फेरी, पावसाळी अटी.*
*१) १८ होल, वैयक्तिक स्टेबलफोर्ड, कोर्स हँडिकॅपच्या ९५ टक्के.*
*२) सगळे १ नंबरच्या टीवरून. टी-टाइम ६.३०, ६.४०, ६.५०, ७.००.*
*३) प्रिफर्ड लाय लागू: फक्त फेअरवे किंवा त्याहून बारीक कापलेल्या भागात, एका स्कोअरकार्डाच्या लांबीत, होलच्या जवळ नाही, बॉल एकदाच ठेवायचा.*
*४) कुठले बंकर पाण्याने भरल्यामुळे ग्राउंड अंडर रिपेअर आहेत ते सकाळी ६.१५ ला नंबरासह कळवू. यादीत नसलेल्या बंकरला नेहमीचा नियम.*
*५) खेळ थांबवण्याचा निर्णय कॅप्टनचा, त्यांचा फोन लागला नाही तर सेक्रेटरींचा. विजेची शंका आली तर कुणालाही न विचारता थांबा.*
*६) सगळ्यांचे १८ पूर्ण झाले नाहीत, पण सगळ्यांचे पहिले ९ झाले, तर निकाल त्या ९ वर. तेही झाले नाहीत तर फेरी रद्द, फी पुढच्या शनिवारी.*
*७) बरोबरी झाल्यास शेवटचे ९, ६, ३, १ होल.*

यातली दुसरी आणि सहावी अट एकमेकींना धरून आहेत. शॉटगन स्टार्ट दिला, म्हणजे सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून निघाले, तर खेळ मध्येच थांबल्यावर प्रत्येक ग्रुपचे वेगवेगळे होल झालेले असतात आणि तुलना करायला काही उरत नाही. सगळे एकाच टीवरून निघाले तर निदान पहिले नऊ सगळ्यांचे सारखे असतात. नऊ होलवर निकाल लावायचा असेल तर ते फेरी सुरू होण्याआधी जाहीर केलेलं असायलाच हवं. पाऊस आल्यावर, कोण पुढे आहे ते माहीत झाल्यावर असा निर्णय घेतला तर तो कितीही प्रामाणिक असला तरी कुणाच्या तरी बाजूचा ठरतो.

प्रिफर्ड लायबद्दल एक आग्रह. ही मुभा रोजची सवय करू नका. फेअरवे चिखलाचे असतील तेव्हाच लावा, जमीन वाळली की काढा. आणि ती फक्त फेअरवेवर असते. रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) बॉल उचलून पुसणारे लोक प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांना आदल्या रात्रीचा मेसेज दाखवला की काम होतं.

कॅडी आणि आगेवाला

पावसाळी फेरीत आगेवाला, म्हणजे पुढे उभं राहून बॉल कुठे पडतो ते पाहणारा, हा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात (२०१९ पासून, आधी पाच होती), आणि ओल्या जमिनीत बॉल जिथे पडतो तिथेच रुतून दिसेनासा होतो. रुतला असणार म्हणून फ्री ड्रॉप मिळत नाही. बॉल सापडला नाही तर तो हरवलाच. पडल्याजागी नजर ठेवणारा आगेवाला म्हणजे प्रत्येक फोरबॉलचे निदान एक-दोन बॉल वाचतात. प्रत्येक फोरबॉलला एक, यात काटकसर नको.

कॅडींच्या रेनकोटची आणि बुटांची सोय ग्रुपने करावी, असं मला मनापासून वाटतं. आपण हजारो रुपयांचं वॉटरप्रूफ जॅकेट घालून चालणार आणि बॅग वाहणारा माणूस खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, हे बरं दिसत नाही आणि बरोबरही नाही. फेरी मध्येच थांबली तरी त्याची पूर्ण मजुरी द्यायची, आणि वीज-पावसात आसरा घेताना तो आपल्याबरोबर आत येईल हे पाहायचं. ही अटसुद्धा मेसेजमध्ये लिहा.

बॅगेत काय हवं

सगळा खेळ हातांच्या पकडीवर आहे. चामड्याचा ग्लोव्ह भिजला की निसरडा होतो. पावसाळी ग्लोव्ह जोडीने मिळतात, दोन्ही हातांत घालायचे, आणि ते ओले झाल्यावर जास्त पकड देतात. कोरडे असताना उलट कमी. म्हणून ते आधीच ओले करून घ्या. ते नसतील तर चामड्याचे तीन-चार ग्लोव्ह वेगवेगळ्या झिपलॉक पिशव्यांत ठेवा.

टॉवेल किमान तीन. एक छत्रीच्या काड्यांना आतून लटकवायचा. हा ग्रिपसाठी, याला चिखल लावायचा नाही. दुसरा क्लबच्या तोंडासाठी, तिसरा कोरडा, बॅगेच्या पोटात. पायमोज्यांची जोडी जास्तीची, नवव्या होलनंतर बदलायला. बॅगेचं रेन हूड. शाईचं पेन नको, पेन्सिल हवी. कार्ड झिपलॉकमध्ये.

रेंजफाइंडरचा लेसर मुसळधार पावसात थेंबांवरून किंवा धुक्यावरून परत येतो आणि भलतंच अंतर दाखवतो. जीपीएस घड्याळ असेल तर ते घाला. नसेल तर कोर्सवरचे अंतराचे खांब आणि कॅडीचा अंदाज. जुन्या कॅडीचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो.

बुटांच्या स्पाइक महिन्यातून एकदा तपासा. ओल्या उतारावर पाय सरकून मनगट मोडणं हा पावसाळी गोल्फचा नेहमीचा अपघात आहे, आणि तो बहुतेक वेळा झिजलेल्या स्पाइकमुळे होतो.

पाण्याचे नियम

इथे थोडं थांबून वाचा, कारण वाद इथेच होतात.

साचलेलं पाणी. पूर्वीचं कॅज्युअल वॉटर, आताचं टेम्पररी वॉटर. ते आहे की नाही हे असं तपासायचं: नेहमीसारखे उभे राहा, बूट दाबू नका, नाचवू नका. उभं राहण्याआधी किंवा राहिल्यावर बुटांभोवती पाणी दिसलं आणि ते दिसत राहिलं, तर ते टेम्पररी वॉटर. पाय टाकताना क्षणभर पाणी वर आलं आणि जिरलं, तर नाही. निव्वळ चिखल, निव्वळ मऊ जमीन, दव, यांपैकी काहीच नाही. रिलीफ (बॉल दुसरीकडे घ्यायची मुभा) फुकट, म्हणजे दंडाशिवाय, आहे: जिथे बॉल, उभं राहणं आणि स्विंग तिन्ही पाण्यातून सुटतात अशी सगळ्यात जवळची जागा शोधायची, होलच्या जवळ न जाता, आणि तिथून एका क्लबच्या लांबीत गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. जागा जवळची घ्यायची असते, सोयीची नाही. ती रफमध्ये निघाली तर रफमध्ये. ती पटत नसेल तर पाण्यातूनच खेळायची मुभा आहेच. म्हणून बॉल उचलण्याआधी ती जागा पाहून घ्या.

बॉल साचलेल्या पाण्यातच गेला हे नक्की माहीत आहे, पण सापडत नाही? तरीही रिलीफ मिळतो; बॉल ज्या ठिकाणी पाण्याची कड ओलांडून आत गेला असेल, तिथून हिशेब करायचा. इथेही आगेवाल्याची साक्ष कामी येते.

ग्रीन. बॉल ग्रीनवर आहे आणि होलकडच्या रेषेत पाणी साचलंय, तर फुकट रिलीफ: जवळच्या सोयीस्कर वाटेल त्या जागी नाही, तर पाणी सुटेल अशा सगळ्यात जवळच्या जागी बॉल ठेवायचा. ती जागा ग्रीनबाहेर निघाली तरी चालतं. पण बॉल ग्रीनच्या बाहेर, कडेच्या गवतावर असेल आणि पाणी ग्रीनवर असेल, तर मधल्या पाण्यासाठी रिलीफ नाही. वरून चिप करा. खेळाडूने स्वतः रेषेवरचं पाणी हाताने, टॉवेलने किंवा पटरने (ग्रीनवर बॉल होलकडे ढकलायच्या क्लबने) बाजूला सारायचं नाही. होलभोवतीच पाणी साचलं असेल तर पटिंगच्या युक्त्या शोधू नका. खेळ थांबवायची वेळ झाली आहे.

बंकर. यादीत नसलेल्या बंकरमध्ये पाणी असेल तर फुकट ड्रॉप बंकरच्या आतच. सगळा बंकर भरलेला असेल तर आत जिथे पाणी सगळ्यात उथळ आहे तिथे. बाहेर यायचं असेल तर एक फटका दंड, आणि होल व बॉल यांच्या रेषेत मागे. हे फार कडक वाटतं, म्हणूनच चौथी अट घातली आहे. कमिटीला एखादा भरलेला बंकर ग्राउंड अंडर रिपेअर ठरवता येतो. मग तो बंकर राहत नाही आणि बाहेर फुकट ड्रॉप मिळतो. मात्र नंबर सांगून ठरवायचा. ‘सगळे भरलेले बंकर’ असं मोघम लिहिलं की प्रत्येक ग्रुप आपापली व्याख्या करतो.

रुतलेला बॉल. आपल्याच फटक्याने पडलेल्या खड्ड्यात बॉल असेल आणि त्याचा थोडा भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर बंकर आणि पेनल्टी एरिया (तळं, ओढा असा खुणेने दाखवलेला भाग) सोडून सगळीकडे, रफमध्येही, फुकट रिलीफ. शंका असेल तर बॉलच्या मागे टी खोचून खूण करा आणि बॉल उचलून बघा. बघेपर्यंत पुसू नका. रुतलेला नव्हता असं निघालं तर तोच चिखल घेऊन तो परत तिथेच जातो. रुतलेला असेल तर पुसा, आणि खड्ड्याच्या लगेच मागच्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत ड्रॉप करा. टप्पा घेऊन दुसऱ्याच्या खड्ड्यात गेलेला बॉल रुतलेला धरत नाहीत.

छत्री. आपल्याकडे कॅडी असतो, म्हणून हा दंड आपल्याकडेच जास्त पडतो. पट मारताना स्वतः एका हातात छत्री धरली तर चालते. कॅडीने डोक्यावर छत्री धरलेली असताना फटका मारला तर दोन फटके दंड. कॅडीला पहिल्या टीवरच सांगून ठेवा: मी उभा राहिलो की तू बाजूला.

जोराच्या वाऱ्याने किंवा वाहत्या पाण्याने बॉल हलला तर दंड नाही, नव्या जागेवरून खेळा. पण ग्रीनवर बॉल एकदा उचलून परत ठेवल्यावर हलला, तर तो मूळ जागी ठेवायचा.

आणखी एक, आपल्या हवामानातलं. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं आणि घोणस, नाग वर येतात. रफमध्ये हात घालू नका, क्लबने गवत हलवून बघा. बॉलजवळ विषारी साप असेल तर नियमातच फुकट रिलीफ आहे, धोक्यापासून दूर ड्रॉप घेता येतो. त्यासाठी धाडस दाखवायची गरज नाही.

फटके

२००२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, स्कॉटलंडच्या म्युअरफिल्डला, शनिवारी समुद्रावरून वादळ आलं. त्या वर्षीचं मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकलेल्या टायगर वुड्सने त्या दिवशी ८१ फटके मारले. एर्नी एल्सने त्याच दिवशी ७२ मध्ये फेरी सांभाळली आणि रविवारी स्पर्धा जिंकली. वादळात खेळताना आपला नेहमीचा स्कोअर मनातून काढून टाकायचा, हे यावरून घ्या. आजचं पार वेगळं आहे. अठरा हँडिकॅपवाल्याने बत्तीस गुण केले तर तो बहुतेक बक्षिसाच्या जवळ असतो.

एक क्लब जास्त, म्हणजे लांब पल्ल्याचा, घ्या, कधी दोन. ओल्या जमिनीवर बॉल पळत नाही, भिजलेल्या कपड्यांत स्विंग आखडतो, आणि क्लबच्या ओल्या ग्रूव्हवर (तोंडावरच्या खाचांवर) फिरक कमी लागते. पाय थोडे रुंद, ग्रिप इंचभर खाली, तीन चतुर्थांश स्विंग. जोरात मारायला गेलं की पाय सरकतो आणि क्लब आधी जमिनीत जातो. ओल्या जमिनीत क्लबचं तोंड तिथेच थांबतं. आधी बॉल, मग गवत.

फटक्याआधीचा क्रम ठरवून घ्या आणि बदलू नका: छत्रीखाली अंतर ठरवा, छत्रीखालीच ग्रिप पुसा, कॅडीने क्लबचं तोंड पुसून हातात द्यावा, दोन पावलं पुढे, एक नजर, फटका. उघड्यावर उभं राहून प्रॅक्टिस स्विंग घेत बसलं की ग्रिप पुन्हा भिजते.

बॉलच्या एका बाजूला चिखल असेल तर तो बहुतेक उलट्या बाजूला वळतो. उजवीकडे चिखल असेल तर डावीकडे. फार हिशेब न करता ग्रीनच्या मध्यावर नेम धरा. ओल्या रफमधून लांब आयर्न (लांब पल्ल्याचा क्लब) काढू नका, वेजने (छोट्या, उंच फटक्याच्या क्लबने) फेअरवेवर या.

बंकरमधली वाळू भिजून घट्ट झालेली असते. क्लबचं तोंड नेहमीइतकं उघडलं तर तो वाळूवरून उसळतो आणि बॉल ग्रीनपार जातो. तोंड जवळजवळ सरळ ठेवा, बॉलच्या थोडं जवळ मारा, स्विंग छोटा. पटिंगला एकच गोष्ट: ब्रेक (उतारामुळे बॉलचं वळणं) कमी धरा आणि होलच्या मागच्या कडेला मारा.

खेळ थांबवणं

स्ट्रोक प्ले (मेडल) आणि स्टेबलफोर्डमध्ये नुसत्या पावसामुळे खेळाडूला स्वतःहून थांबता येत नाही. थांबला तर अपात्र. कॅप्टनने खेळ थांबवला असेल, किंवा विजेचा धोका वाटत असेल, किंवा अचानक आजारपण आलं, तर थांबता येतं. मॅच प्लेमध्ये (दोघांमधल्या होलवार सामन्यात) मात्र दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं तर चालतं, स्पर्धेला उशीर होत नसेल तर. हा फरक नवख्या सभासदांना आधी सांगा.

थांबवण्याचे दोन प्रकार. धोका असेल तेव्हाचा: सायरनचा एकच लांब आवाज. तो ऐकताच पुढचा फटका नाही, टाकायच्या पटचाही नाही. मारला तर अपात्र. साधा: तीन आवाज लागोपाठ. त्यात होल चालू असेल तर तो पूर्ण करायची मुभा आहे. परत सुरू करताना दोन छोटे आवाज. कोर्सवर सायरन नसेल तर हाच संकेत शिट्टीने आणि फोनने द्या. प्रत्येक फोरबॉलमध्ये एकाचा फोन आवाज चालू ठेवून खिशात, बॅगेत नाही. बॉल जिथे आहे तिथे टीने खूण करून उचलला तरी चालतो आणि पुसताही येतो. परत आल्यावर तिथूनच खेळ. खूण वाहून गेली असेल तर जागेचा अंदाज घेऊन ठेवा.

विजेबाबत ग्रुपने कुठलाही अपवाद करू नये. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने बनवलेलं ‘दामिनी’ अ‍ॅप प्रत्येक फोरबॉलमध्ये निदान एका फोनवर असू द्या. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडते आहे का ते त्यात दिसतं. फोन नसेल तर मोजा. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद, त्यांना तीनने भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे: खेळ बंद, आत चला. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं थांबल्याशिवाय बाहेर यायचं नाही, ऊन पडलं तरी.

आत म्हणजे पक्की इमारत किंवा बंद काचांची गाडी. पत्र्याची उघडी शेड, गोल्फ कार्ट आणि झाड यांना आसरा म्हणत नाहीत. १९९१ च्या यूएस ओपनमध्ये हेझल्टीनला झाडाखाली थांबलेल्या सहा प्रेक्षकांवर वीज कोसळली, त्यात एकाचा जीव गेला. १९७५ मध्ये शिकागोजवळ वेस्टर्न ओपनच्या वेळी ली ट्रेव्हिनोसह तिघा व्यावसायिकांना विजेने गाठलं. ट्रेव्हिनोच्या पाठीचं दुखणं पुढे शस्त्रक्रियेपर्यंत गेलं. छत्री मिटा, क्लब खाली ठेवा, आणि क्लबहाउसपासून सगळ्यात लांबचा होल कुठला, तिथून चालत किती वेळ लागतो, हे कॅप्टनने फेरीआधीच माहीत करून घ्यावं. त्या होलवरच्या ग्रुपला पहिला फोन.

पाऊस मुसळधार आहे पण विजा नाहीत, तेव्हा कॅप्टनने कशावर निर्णय घ्यायचा? मी तीन गोष्टी पाहायला सांगेन: एखाद्या होलभोवती पाणी साचलंय का, ओढ्या-नाल्याचं पाणी चालण्याच्या वाटेवर आलंय का, आणि पुढचा फोरबॉल दिसतोय का. यापैकी एका प्रश्नाचंही उत्तर वाईट आलं तर साधा संकेत द्या आणि पाऊण तास थांबा. पाऊण तासाने तीच तीन उत्तरं. दुसऱ्यांदाही तसंच असेल तर सहावी अट लावा आणि घरी जा. पुढे असलेल्या खेळाडूला विचारू नका, मागे असलेल्यालाही नाही.

कार्ड, निकाल, हँडिकॅप

भिजलेल्या कार्डावरचा ३ आणि ८ सारखा दिसतो. म्हणून प्रत्येक होलनंतर मार्करने (दुसऱ्याचा स्कोअर लिहिणाऱ्याने) आकडा मोठ्याने म्हणायचा आणि खेळाडूने होकार द्यायचा. नऊ होल झाले की कार्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाका. शेवटी कोरड्या जागी बसून खेळाडू आणि मार्कर दोघांनी होल-होल तपासून सही करायची. खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही झाली तर नियमाप्रमाणे अपात्रता आहे, आणि पावसाचं कारण त्यात चालत नाही.

प्रिफर्ड लाय लावून खेळलेला स्कोअर हँडिकॅपसाठी चालतो. तो त्याच दिवशी नोंदवा. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये त्या दिवशी त्या कोर्सवर किमान आठ स्कोअर नोंदले गेले तर हवामानाची आकारणी आपोआप होते आणि सगळ्यांच्या स्कोअरला उणे १ ते अधिक ३ पर्यंत दुरुस्ती लागते. सोळापैकी पाचच जणांनी नोंदवलं आणि बाकीचे ‘पावसातला स्कोअर काय नोंदवायचा’ म्हणून गेले, तर ती आकारणी होतच नाही आणि नोंदवणाऱ्या पाचांवर अन्याय होतो. फेरी मध्येच थांबली तर २०२४ च्या बदलानंतर निदान १० होल झालेले असतील तरच ती अठरा होलचा स्कोअर म्हणून धरता येते.

निकाल लागल्यावर कॅप्टनचं एक काम उरतं. कुठल्या होलवर पाणी साचलं, कुठल्या बंकरचा निचरा तुंबला, कुठे कुणाचा पाय घसरला, हे चार ओळींत लिहून सुपरिंटेंडंटला पाठवायचं. सोळा जण चार तास कोर्सभर फिरलेले असतात. त्याला एकट्याला भर पावसात तेवढं सगळं पाहता येत नाही. घरी गेल्यावर बॅग रिकामी करून क्लब पुसून उभे ठेवा, हेडकव्हर काढून टाका, आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला. हीटरसमोर किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, तळ सुटतो. ग्रिप कोमट साबणाच्या पाण्याने धुवून रात्रभर वाळू द्या.